टाकी फुल, काटा पाऊणवर: टँक युनिट बदलावं का?

शिवाजीपेठकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच ०९ (कोल्हापूर), सेकंडहँड. टाकी पुस्तकाप्रमाणे ४३ लिटरची. सीएनजी किट नाही. मीटर सुईचं आहे, कांड्यांचं नाही.

पेट्रोलचा काटा कमी दाखवतोय. नोझल दोनदा कट होईपर्यंत भरलं तरी काटा पाऊणच्या जरासा वर जाऊन थांबतो. रिझर्व्हचा दिवा लागल्या लागल्या टाकी फुल केली तर तीन वेळा अनुक्रमे २९, २८.५ आणि २९.४ लिटर बसलं. म्हणजे दिवा लागतो तेव्हा आत १४ लिटर शिल्लक असतं. काटा नाचत नाही, उड्या मारत नाही, शांतपणे चुकतो. रात्री थोडा जास्तच खाली वाटतो, पण तो मनाचा खेळही असेल.

एवढं बघून झालंय: फ्यूज ठीक, टेंपरेचरचा काटा ठीक. मागची सीट उचलून टाकीवरचं चार पिनांचं कपलर (वायरींचा सुटा होणारा जोड) काढलं, पिना स्वच्छ आहेत. अर्थही (गाडीच्या बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी वायर) तपासली. मल्टिमीटरची शिट्टी वाजते, म्हणजे अर्थ बरोबर.

गॅरेजवाले म्हणतात पंपासकट अख्खी असेंब्ली बदला. माझे प्रश्न तीन. नुसतं टँक युनिट (टाकीतली पातळी मोजणारा भाग) बदलता येतं का? घरी जमेल का? आणि तोवर अशीच चालवली तर पंपाला धोका आहे का?

---

टँकयुनिट_०९

शेवटच्या प्रश्नापासून. पंप टाकीतल्या पेट्रोलनंच थंड राहतो, म्हणून कायम तळाला चालवू नये हे खरं. पण तुमचा काटा कमी दाखवतोय, जास्त नाही. त्यामुळे चूक सुरक्षित बाजूची आहे. १४ लिटर म्हणजे दहा किलोच्या आसपास पेट्रोल उगाच फिरवताय, एवढंच. काटा जास्त दाखवत असता तर मात्र फुल टाकीला ट्रिप मीटर शून्य करून किलोमीटरवर चालवा म्हटलं असतं.

आता युनिट. त्याच्या आत तीनच गोष्टी असतात: फ्लोट, त्याची तार आणि सिरॅमिकच्या पाटीवरचा ट्रॅक. तारेच्या टोकाची बोटं त्या ट्रॅकवर सरकतात आणि रेझिस्टन्स बदलतो. ट्रॅक झिजला असता तर काटा ठरावीक जागी आपटला असता, म्हणजे अर्ध्यापर्यंत शहाण्यासारखा, मग एकदम शून्य, पाच लिटर जळलं की परत वर. रोज पाचशेचं पेट्रोल टाकणाऱ्यांची टाकी कायम पावच्या खाली असते, त्यामुळे ट्रॅक तिथंच जास्त खाल्ला जातो. तुमची लक्षणं तशी नाहीत.

सगळ्या पातळ्यांवर कमी दाखवणं हे फ्लोट जड झाल्याचं लक्षण असू शकतं. पोकळ प्लॅस्टिकचा फ्लोट असेल तर त्याला बारीक चीर जाते आणि आत पेट्रोल शिरतं. कानाशी धरून हलवला की खळखळतं. फोमचा असेल तर तो वर्षानुवर्षं पेट्रोल पितो आणि अर्धा बुडून तरंगतो. दोन्ही दुरुस्त करत बसू नका, बदला. तार वाकली असेल तरी असंच होतं, पण आजवर कुणी टाकी उघडली नसेल तर तार आपोआप वाकत नाही.

उघडायचीच झाली तर क्रम असा:

टाकी पावच्या खाली आणा. फुल टाकीवर झाकण उघडलं तर पेट्रोल थेट सीटखाली येतं. गाडी मोकळ्यावर, सावलीत लावा, बंद शटरच्या आत नको. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, मग दोन-तीनदा स्टार्टर मारा म्हणजे पाइपातलं प्रेशर उतरेल. आता बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि पेट्रोलचं बाहेरचं झाकण सैल करा. आग विझवायचा एबीसी पावडरचा एक-दोन किलोचा सिलिंडर हाताशी ठेवा.

सीटखालचा पत्रा काढल्यावर आधी धूळ झाडा. तिथं दहा वर्षांची माती असते आणि झाकण उचललं की सगळी टाकीत पडते, मग जाळी तुंबते. फ्लँजवर (असेंब्लीच्या वरच्या झाकणावर) आणि टाकीवर मार्करनं एक सरळ रेघ मारा, बसवताना दिशा चुकायला नको. काही गाड्यांत ८ एमएमच्या पान्याचे सहा-आठ बोल्ट असतात, काहींत मोठी रिंग. रिंग लोखंडी स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीनं ठोकू नका, ठिणगी उडते. लाकडाचा ठोकळा किंवा पितळेचा दांडा वापरा. नाहीतर उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेटरला रिंगचं माप द्या, पट्टीचा पाना बनवून देतो.

असेंब्ली सरळ उपसू नका. थोडी वर घ्या, तिरकी करा, फ्लोट भोकातून अलगद काढा. इथंच निम्म्या लोकांच्या तारा वाकतात आणि मग 'नवीन बसवलं तरी तसंच' अशी बोंब होते.

ओ-रिंग (झाकणाखालचं रबरी कडं) नवीनच. जुनी बाहेर काढली की फुगते, खाचेत परत बसत नाही. बसली असं वाटलं तरी टाकी फुल केल्यावर गाडीत पेट्रोलचा वास येतो. आणि सिलिकॉन सीलंट अजिबात नको. पेट्रोलमध्ये ते सुटतं आणि तुकडे होऊन पंपाच्या जाळीत जातं.

बऱ्याच गाड्यांत युनिट असेंब्लीच्या बाजूला खटक्यानं लावलेलं असतं आणि सुटं मिळतं. पार्टवाल्याला 'टँक युनिट' म्हणूनच विचारा आणि चासी नंबर द्या. अख्खा पंप बदलायची गरज तेव्हाच, जेव्हा युनिट त्याच्याशी जोडून आलेलं असतं.

---

ओहमचा_नियम

टँकयुनिट दादांनी लिहिलंय ते सगळं बरोबर, पण टाकी उघडायची घाई करू नका. प्रश्नात दोन गोष्टी दडल्यात, त्यांच्याकडे आधी बघू.

पहिली: 'रात्री थोडा जास्तच खाली'. फ्लोटला दिवस-रात्र कळत नाही. हेडलाइट लावल्यावर काटा उतरत असेल तर दोष टाकीत नाही, अर्थमध्ये आहे.

दुसरी: 'शिट्टी वाजते म्हणजे अर्थ बरोबर'. नाही हो. बहुतेक मल्टिमीटरांची शिट्टी तीस-चाळीस ओहमपर्यंत वाजते. ओहमच्या रेंजवर लावलं तरी स्वस्त मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओहम असतो. तुमच्या गाडीला त्रास द्यायला ०.१५ ओहम पुरतो. तो या मीटरला दिसणारच नाही.

कसं ते बघा. चार पिनांत दोन जाड वायरी पंपाच्या, दोन बारीक युनिटच्या. युनिटची एक सिग्नल, एक अर्थ. कपलरवर दोन्ही अर्थ वेगळ्या दिसतात, पण पुढं हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) एकत्र होऊन एकाच बोल्टवर बॉडीला जातात. अनेक गाड्यांत त्याच बोल्टवर टेललॅम्पचीही अर्थ असते. पंप साधारण साडेचार-पाच अँपिअर घेतो. बोल्टवर ०.१५ ओहम असेल तर ४.५ गुणिले ०.१५, म्हणजे ०.६८ व्होल्ट तिथं अडतात. गाडीचं मीटर युनिटकडे पाच व्होल्टच्या हिशेबानं बघत असेल तर त्यात ०.६८ ची भर म्हणजे मोठी गडबड. ज्या गाड्यांत फुलला रेझिस्टन्स कमी आणि रिकाम्याला जास्त असतो, तिथं मीटरला वाटतं रेझिस्टन्स वाढला, म्हणजे पेट्रोल कमी झालं.

उदाहरणाला युनिट फुलला ४० ओहम, रिकाम्याला २८० ओहम धरा, आणि मीटरच्या आत २२० ओहमचा रेझिस्टर. तुमच्या गाडीचे खरे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, हे फक्त हिशेबाला. टाकी फुल असताना या ०.६८ व्होल्टमुळे मीटरला ४० च्या जागी ८१ ओहम दिसतात, काटा ८३ टक्क्यांवर. एक तृतीयांश टाकीला २०० च्या जागी २६६ दिसतात, काटा तळाला. तुमचं 'फुलला पाऊणच्या वर, १४ लिटरला रिझर्व्ह' याच्याशी हे बऱ्यापैकी जुळतं. ४३ चा एक तृतीयांश १४.३ होतो.

आता बिनहत्याराची चाचणी. टाकी भरल्याच्या दिवशी, सपाट रस्त्यावर गाडी २० मिनिटं चालवा आणि काटा कुठं आहे ते बघा. इंजिन बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चावी फक्त 'ऑन' करा, स्टार्ट नको, लाइट-ब्लोअर बंद. इंजिन चालू नसलं की पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबतो. पाच मिनिटं तशीच ठेवा. काटा हळूहळू फुलकडे चढला तर टाकी, फ्लोट, युनिट सगळं निर्दोष. तिथंच राहिला तर दादांनी सांगितलेल्या मार्गानं जा.

---

घाटरस्ता

सपाट रस्ता हे महत्त्वाचं आहे. पन्हाळ्याच्या चढावर किंवा गगनबावड्याकडून घाटात उतरताना घेतलेलं कुठलंही रीडिंग धरू नका. टाकी रुंद आणि पसरट असते, फ्लोट एका बाजूला. नाक वर असेल तर पेट्रोल मागं जातं आणि फ्लोट कुठं बसवलाय त्यावर काटा वर किंवा खाली होतो. नवीन मीटर काटा मुद्दाम आळशी ठेवतं, वळणावर हलू नये म्हणून. त्यामुळे बदल दिसायला एक-दोन मिनिटं लागतात. आणि चावी ऑन ठेवून पेट्रोल भरलं तर काही गाड्यांचा काटा लवकर वर येतच नाही, चावी एकदा बंद-चालू करावी लागते. त्यावरून पंपावर भांडणं झालेली बघितलीत. माप कमी वाटलं तर पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं, ते मागा. काट्यावरून वाद घालू नये, ते मोजमापाचं यंत्र नव्हे.

---

शिवाजीपेठकर

केली चाचणी. काल फुल भरली, शिये फाट्यापर्यंत जाऊन आलो, काटा पाऊणच्या जरा वर. रंकाळ्याजवळ सपाट जागी बंद केली, चावी ऑन करून बसलो. चार मिनिटांत काटा फुलच्या रेघेला टेकला. परत इंजिन चालू केलं तर दोन-तीन मिनिटांत पुन्हा खाली. थक्क झालो राव.

पण एक शंका. गॅरेजच्या वायरमननं कपलर काढून तिथं रेझिस्टर लावून बघितला होता. काटा बरोबर फुलला गेला, म्हणून 'मीटर आणि वायरिंग ओके, युनिट खराब' असं ठरलं. मग ती चाचणी खोटी कशी?

---

ओहमचा_नियम

चाचणी खोटी नाही, अर्धी आहे. आणि हा सापळा फार जुना. कपलर काढलं की पंपही सुटतो. पंपाचा करंटच नाही, तर त्या बोल्टवर व्होल्ट अडणार कुठून? अर्थ विनाकामाची उभी असते आणि विनाकामाची प्रत्येक अर्थ चांगलीच दिसते. मग असेंब्ली बदलली जाते, कपलर लागतं, पंप चालतो आणि काटा परत पाऊणवर. ग्राहक म्हणतो नवीन पार्ट डुप्लिकेट निघाला.

रेझिस्टर लावून बघायचंच तर असं बघा. ४७ ओहमचा घ्या, रंग पिवळा-जांभळा-काळा. कपलरच्या गाडीकडच्या भागात सिग्नल आणि युनिटची अर्थ या दोन पिनांमध्ये लावा. चावी ऑन, काटा फुलजवळ जाऊ द्या. आता पार्किंग लाइट लावा आणि कुणाला तरी दोन-अडीच मिनिटं ब्रेक दाबून धरायला सांगा. मागचे दोन ब्रेकचे बल्ब २१ वॅटचे, टेल आणि नंबरप्लेटचे पाच-पाच वॅटचे, मिळून चार अँपिअरच्या घरात. पंपाइतकाच भार झाला. काटा उतरला तर बोल्ट सामायिक आहे आणि खराब आहे. एलईडी टेललॅम्प असतील तर करंट फार कमी, मग ही युक्ती चालत नाही. नवीन मीटरला पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. जुन्या गाडीला एक-दोन वॅटचा घ्या, नाहीतर बोटं भाजतात. २७० ओहमचाही एक ठेवा, लाल-जांभळा-तपकिरी, त्यावर काटा तळाजवळ जायला हवा.

सिग्नलची वायर थेट अर्थला टेकवून 'काटा फुल जातो का' बघायची जुनी पद्धत सुईच्या जुन्या मीटरला ठीक होती. इलेक्ट्रॉनिक मीटरवर नको, रेझिस्टरच वापरा.

खरं मोजमाप मात्र व्होल्टचं, तेही इंजिन चालू असताना. कपलर जागेवरच ठेवा. मागच्या बाजूनं युनिटच्या अर्थच्या पिनेत टाचणी सरकवा, तिला मीटरची लाल वायर. काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, मध्ये पाच-सहा मीटरची कुठलीही वायर जोडा, बारीक चालेल, कारण तिच्यातून करंट जात नाही. मीटर २ व्होल्ट डीसीच्या रेंजवर. पेट्रोलचा वास येत असेल तर हे काही करू नका, आधी गळती शोधा. वास नसेल तर तीन आकडे घ्या: नुसतं इंजिन, मग लाइट लावून, मग ब्रेक दाबून. ०.१ च्या खाली असेल तर अर्थ चांगली.

---

जुनंसोनं

विषय निघालाच आहे तर जुन्या गाड्यांबद्दल थोडं. ज्यांच्या मीटरमध्ये द्विधातू पट्टीवर चालणारा काटा असतो, त्यात मागं एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे त्याच्यावरच. दोन्ही एकाच वेळी जास्त दाखवायला लागले तर टाकीकडे जाऊच नका, स्टॅबिलायझर गेलाय किंवा त्याची अर्थ सुटलीय. दोन्ही एकदम शून्यावर, तर त्याला येणारा सप्लाय किंवा फ्यूज बघा. एकच काटा बिघडला तरच त्या काट्याचं युनिट तपासायचं.

बाहेरचं युनिव्हर्सल मीटर बसवणाऱ्यांना एक इशारा. अमेरिकन पद्धतीत रिकाम्याला २४० आणि फुलला ३३ ओहम. युरोपियन पद्धतीत उलटं, रिकाम्याला १० आणि फुलला १८०. जोड्या मिसळल्या की काटा उलटा चालतो, टाकी भरेल तसा खाली येतो.

---

कागल_सीएनजी

सीएनजीवाल्यांनी अजून एक जागा बघावी. बाहेरून किट बसवताना पेट्रोल पंपाच्या वायरी कापून रिले टाकलेला असतो. जोड नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला असेल तर काही वर्षांत काळा पडतो. आणि पेट्रोल महिनोन्महिने तसंच पडून राहतं, फ्लोट एकाच जागी, तिथं ट्रॅकवर चिकट थर बसतो. आठवड्यातून वीस-पंचवीस किलोमीटर पेट्रोलवर चालवली तर युनिट हलतं राहतं.

थर बसलाच तर ट्रॅकवर सँडपेपर चालवायचा नाही हं. त्यावरचा चांदीसारखा थर कागदापेक्षा पातळ असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शाळेतला पांढरा खोडरबर, बस्स. मग मीटर ओहमवर लावून तार तळापासून वरपर्यंत सावकाश फिरवायची. आकडा एका लयीत बदलला पाहिजे, मध्येच 'ओएल' (सर्किट तुटल्याची खूण) दिसलं तर ट्रॅक संपला. काट्याचा जुना मल्टिमीटर असेल तर तो काढा, मध्येच गळणारा सिग्नल त्याच्यावर जास्त चांगला कळतो.

---

शिवाजीपेठकर

आकडे घ्या. नुसतं इंजिन चालू: ०.६९ व्होल्ट. पार्किंग लाइट लावून: ०.८५. लाइट आणि ब्रेक: १.३१.

आता बोल्ट कुठं शोधू? सीटखाली एकही अर्थ पॉइंट दिसत नाही.

---

टँकयुनिट_०९

झालं, माझा फ्लोट निर्दोष सुटला. असे आकडे असताना टाकी उघडणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून दात काढणं.

बोल्ट बहुतेक डिकीत असतो. डाव्या किंवा उजव्या टेललॅम्पच्या मागं, आतलं प्लॅस्टिक-कार्पेटचं अस्तर काढलं की बॉडीला काळ्या वायरींचा झुबका दिसेल. १० एमएमचा पाना लागतो. काही गाड्यांत मागच्या चाकाच्या कमानीवर किंवा दाराच्या उंबऱ्याखाली असतो. काळ्या वायरींचा माग काढत जा. खात्री करायला लाल वायर त्या बोल्टच्या लगवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) धरा: तिथंही ०.६९ आणि शेजारच्या घासलेल्या बॉडीवर शून्याजवळ, म्हणजे दोष तिथंच.

दुरुस्तीचं म्हणाल तर नुसता बोल्ट घट्ट करू नका, आठ दिवसांत परत येईल. बॅटरीची निगेटिव्ह काढा, बोल्ट सोडवा. लगची खालची बाजू आणि बॉडीचा पत्रा १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, रंगाचा कणही नको. मग वायर बघा. लगजवळ इन्सुलेशन सोलून आतली तांब्याची तार काळी किंवा हिरवी असेल तर नुसता लग घासून उपयोग नाही. लाल तांबं लागेपर्यंत, साधारण तीन-चार सेंटीमीटर, मागं कापा आणि ६ एमएमच्या भोकाचा नवा लग क्रिंप करा (दाबून बसवा). लग आणि पत्र्यामध्ये दातेरी वॉशर टाका. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस चोपडा. वरून, मधे नाही.

---

घाटरस्ता

आणि अस्तर काढलंच आहे तर कोपऱ्यात बोट फिरवून बघा. सेकंडहँड, एमएच ०९, आणि अर्थ बोल्ट गंजलेला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली या भागात पाणी होतं, बऱ्याच गाड्या त्यात होत्या. स्टेपनीच्या खड्ड्यात पिठासारखा मऊ वाळलेला गाळ, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर एका उंचीवर पाण्याची रेघ, सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट तांबूस, यातलं काही दिसलं तर बाकीचे अर्थ पॉइंटही एकेक करून सोडवून घासा. गाळ नसेल, नुसती ओल असेल तर पूर नव्हे, टेललॅम्पचं गॅस्केट.

---

शिवाजीपेठकर

सापडला. डिकीत डाव्या टेललॅम्पच्या मागं. बोल्टचं डोकं ठीक दिसत होतं, पण लग उचलला तर खाली गंजाची पापडी. गाळ कुठंही नाही, सीटबेल्ट स्वच्छ. कार्पेटचा कोपरा मात्र ओला.

तीन वायरी एकाच लगवर होत्या. एकीचं तांबं आतून काळं, चार सेंटीमीटर कापली. पत्रा घासला, दातेरी वॉशर टाकला, नवा लग, वरून व्हॅसलिन. आता आकडे: इंजिन ०.०३, लाइटसह ०.०४, ब्रेकसह ०.०६.

परवा फुल भरली, इंजिन चालू असताना काटा फुलवर. दिवा लागल्यावर ३६ लिटर बसलं, म्हणजे सात शिल्लक. ब्रेक दाबला, लाइट लावले, काटा ढिम्म. खर्च एक लग, एक वॉशर, पॉलिश पेपर. टाकीला हातही लावला नाही.

ओलीचं काय करू?

---

ओहमचा_नियम

सात लिटर म्हणजे रिझर्व्ह बरोबर लागतोय, मीटरला आणखी काही करायचं नाही.

ओलीसाठी: अस्तर काढलेलंच ठेवा. एकानं डिकीत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपानं पाणी सोडायचं. आधी टेललॅम्पच्या खालच्या कडेला, पाच मिनिटांनी वरच्या कडेला, मग डिकीच्या रबरावर. एकदम सगळीकडे मारलं तर पाणी कुठून आलं ते कळणार नाही. टेललॅम्पच्या मागून ओघळ दिसला तर लॅम्पचे नट काढून फोमचं गॅस्केट बघा, दाबून चपटं झालेलं असेल. नवं मिळालं नाही तर त्याच जाडीची बंद पेशींची फोमपट्टी चालते, स्पंज नको, तो पाणी धरून ठेवतो. नट हातानं समान घट्ट करा, एकाच बाजूनं आवळले तर लॅम्पचं प्लॅस्टिक तडकतं. कार्पेट उन्हात दोन दिवस वाळल्याशिवाय अस्तर परत लावू नका.